वाहून गेलेल्या कॅमेऱ्यातली बाई

पामेला तुस्कानोला हरणांचं वेड कधीच नव्हतं. वसईला तिच्या घराच्या आवारात कोंबड्या होत्या, डुकरं होती, केळीच्या बागेत घुसणारी शेजारच्यांची गाय होती. प्राण्यांशी तिचा संबंध तेवढाच. पण नोकरी म्हणजे नोकरी. दुबईजवळच्या अजमानमध्ये एका छोट्या सर्व्हे कंपनीत ती आधी रस्त्यावरच्या गाड्यांचा डेटा बघायची. मग कंपनीला डोंगराकडच्या एका खाजगी राखीव रानाचं काम मिळालं आणि पामेला गाड्या सोडून हरणं बघायला लागली. आपल्याकडच्या चिंकाऱ्यासारखी, तशीच लहानखुरी, तशीच बुजरी हरणं त्या डोंगरात होती. ती पाण्याला कुठून उतरतात आणि कुठल्या वाटेनं परत जातात, हे मालकांना हवं होतं. त्यासाठी वादीत, समोर काही हललं की आपोआप फोटो काढून पाठवणारे कॅमेरे लावायचे.

वादी म्हणजे डोंगरातली कोरडी नदी. वर्षभर नुसते धोंडे, आणि पाऊस झालाच तर घटकाभरात दोन्ही काठ भरून वाहणारं पाणी. कॅमेरे लावायला पामेलाबरोबर दौलत होता. तो मूळचा चंदगडचा. आधी दुबईत सीसीटीव्ही बसवायचा, आता या कंपनीत फील्डचं सगळं काम त्याच्या गळ्यात होतं. तो झाडाजवळ गेला की आधी वर बघायचा. फांद्यांत अडकलेला वाळका कचरा, प्लॅस्टिकची चिंधी, कुठे काडीकाटकी दिसली की म्हणायचा, "ताई, मागच्या पाण्याची रेघ इथपर्यंत आहे. कॅमेरा याच्या वर."

सगळे कॅमेरे त्यांनी तसेच लावले. डोक्याच्या वर, पट्ट्यानं करकचून बांधलेले, तोंड खाली झुकवून. उन्हाची तिरीप भिंगात जाऊ नये म्हणून उत्तरेकडे वळवलेले. फक्त सातव्या कॅमेऱ्याला पामेलानं हट्ट केला. तिथे पाणवठ्याशी एक बोरीचं झाड होतं, आणि वरून घेतलेल्या फोटोत हरणांच्या नुसत्या पाठी दिसत होत्या. नर कुठला, मादी कुठली, काही कळेना.

"हा कमरेएवढा लाव," ती म्हणाली.

"पाणी आलं तर जाईल, ताई."

"पाणी येतंय कशाला आत्ता? लाव रे. क्लायंटला चेहरे हवेत."

दौलतनं लावला. आणि त्यानंतर असा पाऊस झाला, की अजमानच्या तळमजल्यांतून लोकांनी बादल्यांनी पाणी उपसलं. पामेलाच्या बिल्डिंगचं पार्किंग तलाव झालं. रस्ते बंद, शाळा बंद, ऑफिस घरून. डोंगरात काय झालं असेल याचा कुणी विचारही केला नाही. पाणी ओसरल्यावर तिनं लॅपटॉप उघडला, तेव्हा बाकीचे कॅमेरे ठीक होते. सातवा गप्प होता.

"गेला," दौलत फोनवर म्हणाला. त्यानं 'मी सांगितलं होतं' म्हटलं नाही, त्यामुळे पामेलाला जास्तच लागलं.

कॅमेरा हरवल्याचा मेल तिनं लिहायला घेतला आणि त्याच दिवशी सातव्यानं फोटो पाठवला. आकाश आणि कोपऱ्यात एक काटेरी फांदी. मग दुसरा फोटो आला, त्यात नुसता चिखल. तिसऱ्यात काहीतरी केसाळ, इतक्या जवळून, की ते पोट आहे की पाठ हे सांगता येईना. त्यानंतर पुन्हा सामसूम.

आणि मग एका सकाळी सातवा कॅमेरा पूर्ववत चालू झाला. फोटो अगदी सरळ होते. हातात धरलेल्या किंवा खाली पडलेल्या कॅमेऱ्याचे नव्हते. कुणीतरी नीट टांगलेल्या कॅमेऱ्याचे. पण त्यात ना बोरीचं झाड होतं ना पाणवठा. दगड रचून केलेलं एक कुंपण होतं, आत शेळ्या होत्या, लांब कड्यावर अर्धवट ढासळलेला एक गोल बुरूज होता. आणि शेळ्यांच्या घोळक्यात, सगळ्यांपेक्षा बारीक पायांचं, एक हरणाचं पाडस.

पामेलानं चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. मग दौलतला बोलावलं.

"हे कुठलं रे?"

दौलत स्क्रीनवर वाकला. "सात नंबर ना हा?"

"सातच."

"मग झाड कुठंय?"

"तेच तर विचारतेय तुला."

दोघं बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिले. कॅमेऱ्यात जागा सांगणारी सोय नव्हती. फोटो डोंगराच्या त्या बाजूच्या टॉवरवरून येतायत, एवढंच कळत होतं. त्या टॉवरच्या टप्प्यात अख्खा डोंगर आणि कितीतरी वाद्या होत्या.

दुपारी आणखी एक फोटो आला, त्यानं तर पामेलाचं डोकंच फिरलं. त्यात एक म्हातारी बाई होती. काळी पायघोळ अबाया, चेहऱ्यावर तिकडच्या जुन्या बायका लावतात तो चकाकता बुरखा, कपाळापासून ओठांपर्यंत पक्ष्याच्या चोचीसारखा. ती थेट भिंगात बघत होती, आणि तिनं दोन्ही हातांनी एक पातेलं उपडं धरलं होतं.

"वाळत घालतेय का?" दौलत म्हणाला.

"हातात धरून कुणी पातेलं वाळवतं?"

दुसऱ्या दिवशी तीच बाई, तेच पातेलं. या वेळी तिचा एक हात वर होता आणि बोट आकाशाकडे. त्याच्या पुढच्या दिवशी पातेलं नव्हतं, नुसतं बोट. मधल्या वेळात शेळ्या, पाडस, शेळ्या, पाडस. एका फोटोत पाडस शेळीला लुचत होतं आणि बाई मागे दगडावर बसलेली होती.

"वरचा बघतोय म्हणते बहुतेक," दौलत म्हणाला. "देवाला साक्ष ठेवून सांगतेय, की हे पाडस मी चोरलं नाही."

"किंवा पाऊस वरून पडला, असं सांगत असेल."

"ते आपल्याला माहीत नाही होय?"

फोटो बॉसपर्यंत गेले. त्यानं पाडसाभोवती लाल गोल काढून परत पाठवले. रानटी हरीण कुंपणात ठेवणं गुन्हा, आणि वर कंपनीचा कॅमेरा तिच्या भिंतीवर! कळवायचं की नाही, आणि कुणाला कळवायचं? 'आधी कन्फर्म करा,' एवढंच त्यानं लिहिलं. पामेलानं घरी नवऱ्याला विचारलं. अँड्र्यू हॉटेलात रिसेप्शनला होता, माणसं ओळखणं हा त्याचा धंदा. त्यानं फोनवर फोटो मोठा केला, लहान केला.

"रागावलेली दिसते," तो म्हणाला.

"बुरख्यातून तुला राग दिसला?"

"खांद्यांतून. रूम साफ झाली नाही की गेस्ट असे उभे राहतात."

पामेला हसली खरी, पण झोपताना तेच डोक्यात. चोर कॅमेऱ्यासमोर रोज येऊन उभा राहतो का? आणि चोर नसेल, तर ही बाई कुणाला काय दाखवतेय?

शनिवारी सकाळीच ती आणि दौलत कंपनीच्या फोर-बाय-फोरनं निघाले. दौलतचं म्हणणं होतं, की तो बुरूज त्यानं पाहिलाय. "मुख्य रस्त्यावरून डावीकडं. शंभर टक्के." डावीकडे बुरूज होता, पण तो ढासळलेला नव्हता, त्याला रंग लावून खाली बाकं टाकलेली होती. मग दौलत म्हणाला उजवीकडे. उजवीकडच्या बुरुजाचा कडा उलट्या बाजूला होता. पामेलानं फोटो आरशातल्यासारखा फिरवून बघितला, तेव्हा तो जुळल्यासारखा वाटला, आणि तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचाच विश्वास उडाला.

"दौलत, आपण कुठे आहोत, हे तुला तरी माहीतय ना?"

"आता तुम्हाला खोटं कशाला सांगू, ताई."

पुराच्या खुणा सगळीकडे होत्या. खजुरीच्या बागेत एक गाडी नाकावर उभी होती, तारेच्या कुंपणांना गवताच्या झालरी लागल्या होत्या. अशाच एका बागेत गाळ उपसणारा माणूस दिसला तेव्हा त्यांनी गाडी थांबवली. खोऱ्यावर रेलून तो जवळ आला. नाव तहसीन, गाव पेशावरकडचं.

"भाई, ये बुर्ज किधर है?" दौलतनं फोन पुढे केला.

"बुर्ज तो इधर बहुत हैं," तहसीन म्हणाला. मग त्यानं फोन हातात घेतला, ओल्या बोटानं फोटो मोठा केला आणि एकदम ओरडला, "ये तो मेरी कनकटी है!"

"कोण?"

"बकरी! ये, कटे कान वाली. ये मेरी बकरी है. ये फोटो कब का है?"

"आजचा. सकाळचा."

तहसीन हसायला लागला, मग थांबला. त्या शेळ्या झुबेदा अम्माच्या होत्या, आणि तो तिच्याकडेच कामाला होता. पावसाच्या आधी तो चारा आणायला खाली आला आणि मागे रस्ता वाहून गेला. गावात सगळेच सांगत होते, की पावसाच्या भीतीनं म्हातारी शहरात बहिणीकडे गेली. तिच्या मुलानंही परदेशातून फोन करून तेच सांगितलं होतं: अम्मा सुरक्षित आहे, शेळ्या बहुतेक गेल्या, तू सध्या दुसरं काम बघ.

"अम्मा तो शहर में है," तहसीन पुन्हा म्हणाला. जणू पामेलानंच त्यात काही गडबड केली होती.

पामेलानं पुढचा फोटो काढून दाखवला. उपडं पातेलं, बुरखा.

तहसीनच्या हातातलं खोरं पडलं. "या अल्ला. ये तो ऊपर ही है. पानी नहीं है इसके पास."

"पाणी?" पामेला म्हणाली. "इतका पूर आला आणि पाणी नाही?"

"बहन, सैलाब का पानी तो चला गया! कुआँ मिट्टी से..." त्यानं समोरच्या चिखलाकडेच हात केला. "टँकर आता था. रास्ता नहीं, तो टँकर कैसे आएगा? और ये उँगली देखो. छत पे टंकी है. बोलती है टंकी खलास."

पामेलानं फोन परत घेतला. देव, पाऊस, साक्ष! रोज सकाळी चहाचा कप बाजूला ठेवून तिनं ते बोट पाहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी झूम केलं होतं ते पाडसावर.

बागेच्या मालकानं पाण्याचे कॅन दिले. तहसीन पुढे बसला आणि रस्ता दाखवायला लागला. रस्ता म्हणजे तरी काय, डांबराचे तुकडे इकडेतिकडे पडलेले आणि मधूनच एखादा खांब. एका वळणावर तेही संपलं. वादीनं अख्खा उतार कापून नेला होता आणि खाली गाडीएवढे धोंडे होते.

"यल्ला, चलो," तहसीन म्हणाला, आणि कॅन खांद्यावर टाकून उतरायलाच लागला.

दौलतनं दोन कॅन घेतले, पामेलानं एक. तो तिला मध्येच दगडावर टेकवावा लागत होता. ऊन चढलं होतं. वाटेत एका काटेरी झाडाच्या शेंड्यात सातव्या कॅमेऱ्याचा पट्टा लोंबताना दिसला, आणि दौलत थबकला. त्यांचं बोरीचं झाड इथून खाली होतं.

"ताई, कॅमेरा वाहत गेला तर खाली जायला पाहिजे. हा वर कसा आला?"

"पाणी उलटं वाहिलं असेल," पामेला धापा टाकत म्हणाली. तिला खरंच तसं वाटायला लागलं होतं. ही वादी, तो फिरवलेला फोटो, शहरात असलेली आणि इथेही असलेली बाई... कशाचंच दुसऱ्याशी जमत नव्हतं.

तहसीननं मागे वळून सांगितलं, की पाणी दोन वाद्यांतून येतं आणि इथे एकमेकांवर आपटतं. मोठ्या पुरात लहान वादीचं पाणी मागे फुगतं. दौलतनं मान डोलावली, पण तोंडावरून त्याला ते पटलेलं दिसेना.

वर पोचले तेव्हा शेळ्या आधी ओरडल्या. कनकटी तहसीनच्या अंगावर धावून आली. कुंपणापलीकडे दारात ती बाई उभी होती, फोटोतल्यापेक्षा खूपच बुटकी. तिनं तिघांकडे बघितलं, मग कॅनकडे, मग सरळ पामेलाकडे बोट रोखलं.

"तुम देखता था?"

इतक्या वर डोंगरात ही बाई हिंदीत बोलेल, हेच पामेलाच्या ध्यानीमनी नव्हतं.

"कॅमेरा में," झुबेदानं भिंतीकडे हात केला. खिडकीच्या लोखंडी गजाला सातवा कॅमेरा ओढणीच्या तुकड्यानं बांधलेला होता, अगदी लेव्हलमध्ये. "लाल बत्ती जलती है. मैं समझी सरकार का आदमी है. मैं रोज बोला, पानी नहीं, पानी नहीं. तुम देखता है, आता नहीं!"

"अम्मा, आम्हाला... हमको समझा नहीं," पामेला म्हणाली. "हम समझे, आप..." आणि तिथेच अडखळली. आम्हाला वाटलं तुम्ही चोर आहात, हे कसं सांगायचं?

"पातेला उलटा है, इसमें क्या समझना?" झुबेदा म्हणाली.

यावर दौलतला हसू फुटलं. ते त्यानं आवरायचा प्रयत्न केला आणि जास्तच फुटलं. म्हातारीनं त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, आणि मग तिचेही खांदे हलायला लागले. तहसीन मात्र दाराच्या पायरीवर बसून चेहरा झाकून रडत होता. झुबेदानं त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि आधी शेळ्यांना पाणी पाज म्हणून सांगितलं.

हळूहळू सगळं कळलं. मुलाला तिनं खरंच सांगितलं होतं, की मी शहरात जाते. पण शेळ्या कुणाच्या जिवावर सोडायच्या? ती राहिली. पुरात वीज गेली, फोन भिजला. वादीच्या डबक्यातलं पाणी फडक्यानं गाळून आणि शेळ्यांच्या दुधावर तिनं दिवस काढले. डबकी आटायला लागली, तशी ती कॅमेऱ्यापुढे उभी राहायला लागली. तो तिला झुडपात अडकलेला मिळाला होता. त्याच झुडपाच्या बुडाशी, चिखलात मानेपर्यंत रुतलेलं पाडस होतं.

"दोनों साथ में मिला," ती म्हणाली. "एक को बकरी के पास रखा, एक को खिडकी पे."

बॉसच्या लाल गोलाचं काय करायचं, हे पामेलाला तरीही उमगलं नव्हतं. पाडस तिच्यापासून हातभर अंतरावर उभं होतं. कान सारखे हलत होते. घाबरलंय की ओळख काढतंय, कळायला मार्ग नव्हता. तिनं भीत भीत झुबेदाला सांगितलं, की हे पाडस राखीव रानाच्या लोकांना कळवावं लागेल.

"ले जाओ," झुबेदा लगेच म्हणाली. "ये बकरी नहीं है. मेरे को मालूम है." आणि घरात निघून गेली. मग बराच वेळ बाहेरच आली नाही. ती रागावली, की दुखावली, की नुसतीच चुलीपाशी गेली, ते पामेलाला बंद दारावरून ठरवता येईना. शेवटी ती खजूर आणि काळा चहा घेऊन आली. त्यांनीच आणलेल्या पाण्याचा चहा!

मुलाला फोन लागला तेव्हा आधी त्यानं मावशीकडे नीट चौकशी केली नाही म्हणून स्वतःला शिव्या दिल्या, मग आईला. नगरपालिकेला कळवल्यावर बुलडोझर आला, कच्चा रस्ता झाला, टँकर चढला. तहसीन परत कामावर लागला. राखीव रानाची माणसं जाळीच्या पेटीतून पाडस घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरनं म्हणे सांगितलं, की शेळीच्या दुधावर इतकं चांगलं जगलेलं पाडस आपण पाहिलं नव्हतं. पामेलानं रिपोर्टमध्ये 'पूरग्रस्त पाडस, स्थानिक महिलेनं वाचवलं' असं लिहिलं. बॉसनं एक शब्दही न बदलता तो पुढे पाठवला. त्यानं वाचला की नाही, हे तिला कधीच कळलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला पाडस मोठं झालं आणि त्याला रानात सोडलं. तेव्हापासून तहसीनच्या फोनवरून अधूनमधून झुबेदाचा फोन यायला लागला. कशी आहेस, मुलं कशी आहेत, इकडचं तिकडचं झालं की ती मुद्द्यावर यायची.

"दिखा?"

पामेला तोवर रोजचे फोटो चाळत असायची. हरणं खूप होती. पाण्यावर वाकलेली, मान वळवलेली, शेपटी हलवत निघून गेलेली. पाडसाला कुठलीही खूण केलेली नव्हती. कधी तिला वाटायचं हेच ते, याचे कान तसेच हलतायत. मग पुढच्या फोटोत दुसऱ्याचेही तसेच कान. दौलतला विचारावं तर तो प्रत्येक वेळी वेगळ्याच हरणावर बोट ठेवायचा आणि वर "शंभर टक्के" म्हणायचा. एकदोनदा पामेला "हाँ अम्मा, दिखा, अच्छा है" म्हणाली. पण त्या बाईला खोटं सांगताना तिची जीभ जड व्हायची.

एक दिवस तिनं सांगून टाकलं.

"अम्मा, सच बोलूँ? मुझे पता नहीं चलता. सब एक जैसे दिखते हैं."

पलीकडे शेळ्या ओरडत होत्या.

"सब एक जैसे?" झुबेदानं विचारलं.

"हाँ."

"तो ठीक है," ती म्हणाली. "मतलब हिरन हो गया." आणि मग तहसीनला कुठल्याशा शेळीवरून मोठ्यानं रागवायला लागली. फोन चालूच राहिला, आणि आता आपण ठेवायचा की थांबायचं, हे न कळून पामेला तो कानाला लावून तशीच बसली.